मास्टोडॉनवर सर्व्हर निवडायचा आणि बदलायचा कसा: क्रम, तपासण्या आणि नेहमीचे घोळ

मास्टोडॉन हे एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क आहे, आणि तुमचं खातं त्यातल्या एका सर्व्हरवर असतं. हा सर्व्हर बदलताना लोक दोन जागी हमखास अडकतात. पहिली जागा: जुनं खातं आधी डिलीट करतात आणि मग फॉलोअर नव्या खात्यावर कसे न्यायचे ते विचारतात. तोवर वेळ गेलेली असते. दुसरी जागा: नव्या छोट्या सर्व्हरवर खातं उघडतात, #मराठी शोधतात, दोन-तीनच पोस्ट दिसतात, आणि 'इथे मराठी माणूसच नाही' असं म्हणून निघून जातात. सर्व्हर नेमकं काय करतो हे माहीत नसल्यामुळे दोन्ही घोळ होतात. म्हणून आधी ते थोडक्यात पाहू आणि मग टप्प्यांकडे वळू.

## आधी एवढं समजून घ्या: पोस्ट जाते कुठे?

समजा, सायलीचं खातं 'अ' सर्व्हरवर आहे. तिचे तीनशे फॉलोअर आहेत: दोनशे 'अ'वरच, नव्वद 'ब'वर आणि दहा 'क'वर. तिने एक सार्वजनिक पोस्ट टाकली. 'अ' ती आपल्या डेटाबेसमध्ये लिहितो, आपल्याकडच्या दोनशे जणांच्या होम टाइमलाइनवर लावतो आणि बाहेर जाणाऱ्या रांगेत दोन कामं टाकतो: एक प्रत 'ब'ला, एक 'क'ला. 'ब'वर नव्वद फॉलोअर असले तरी तिकडे सहसा एकच प्रत जाते, ती नव्वद जणांपर्यंत पोचवणं हे 'ब'चं काम. प्रतीसोबत सायलीच्या खात्याची डिजिटल सही असते. 'ब' सायलीची सार्वजनिक किल्ली (सही खरी आहे का ते तपासायचा, सगळ्यांना मिळणारा कोड) 'अ'कडून घेऊन सही पडताळतो, मगच पोस्ट स्वीकारतो. 'क' त्या वेळी बंद असेल तर 'अ' थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघतो, आणि बरेच दिवस उत्तर आलं नाही की नाद सोडतो.

आता 'ड' नावाचा आणखी एक सर्व्हर घ्या. तिथे सायलीला कुणीच फॉलो करत नाही, त्यामुळे ही पोस्ट झाल्याचं 'ड'ला कळतच नाही. 'ड'वरचे लोक ज्याला फॉलो करतात अशा कुणी ती बूस्ट केली (आपल्या फॉलोअरांना पुढे पाठवली), किंवा कुणी तिचा दुवा शोधाच्या चौकटीत पेस्ट केला, तरच ती तिथे उगवते. काही सर्व्हर रिले (सर्व्हरांमध्ये पोस्ट वाटणारी मधली यंत्रणा) वापरून बाहेरच्या पोस्ट घाऊक आणतात, पण सगळे नाही.

नवख्या माणसाला ज्या गोष्टी बिघाड वाटतात, त्यातल्या बऱ्याचशा इथूनच येतात. #मराठी शोधल्यावर तुमच्या सर्व्हरला ठाऊक असलेल्या पोस्टच येतात. मराठी लिहिणारे भरपूर असतील, पण तुमच्या सर्व्हरवरून त्यांना कुणी फॉलो करत नसेल तर पान रिकामंच दिसणार. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं प्रोफाइल पहिल्यांदा उघडलं की त्याच्या जुन्या पोस्ट दिसत नाहीत, कारण फॉलो केल्यावरच त्याच्या पोस्ट नियमित यायला लागतात. एकाच पोस्टचे लाइक दोन सर्व्हरवर वेगळे दिसतात. उत्तरं अर्धवट दिसतात. (हे शेवटचं नव्या आवृत्त्यांत बरंच सुधारलं आहे, पण तुमचा सर्व्हर चालवणाऱ्या ॲडमिनने आवृत्ती अद्ययावत ठेवली असेल तर.)

इशारा: खासगी उल्लेख, म्हणजे फक्त उल्लेख केलेल्यांना दिसणारी पोस्ट, एन्क्रिप्टेड (तिऱ्हाइताला वाचता येणार नाही अशी) नसते. ती पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही सर्व्हरवर साठते आणि दोन्हीकडच्या ॲडमिनला तांत्रिकदृष्ट्या वाचता येते. त्यात तिसऱ्या माणसाचं पूर्ण हँडल (नाव@सर्व्हर असा पत्ता) लिहिलंत तर तोही त्या संभाषणात येतो. 'त्या अमक्याबद्दल' कुजबुजायला गेलेले लोक इथेच फसतात. बँकेचे तपशील, पत्ता, ओटीपी असलं काही इथे पाठवू नका.

डिलीटचंही असंच. तुम्ही पोस्ट पुसली की तुमचा सर्व्हर बाकीच्यांना 'पुसा' असा निरोप धाडतो. बहुतेक जण ऐकतात, पण ऐकायला लावण्याची सोय नाही.

## टप्पा १: सर्व्हर निवडणे

तुमचं हँडल नाव@सर्व्हर असं असतं. त्याचा उजवा भाग बदलता येत नाही, म्हणून निवडीला वजन आहे. तरीही पहिल्याच दिवशी आदर्श सर्व्हर शोधत आठवडा घालवू नका. बरा वाटेल तो घ्या आणि बाहेर पडण्याची तयारी ठेवा. मास्टोडॉन.सोशल हा सगळ्यात मोठा सर्व्हर आहे आणि सुरुवात तिथून केली तर काही बिघडत नाही. उलट, मोठ्या सर्व्हरला जास्त खाती ठाऊक असतात, त्यामुळे #मराठी तिथे भरलेलं दिसण्याची शक्यता अधिक.

खातं उघडण्याआधी सर्व्हरचं 'अबाउट' पान उघडा आणि एवढं बघा:

१. चालवतं कोण? नाव किंवा संस्था आणि संपर्क दिलेला आहे का? नसेल तर पुढचा सर्व्हर बघा.

२. बंदी घातलेल्या सर्व्हरची यादी दिली आहे का? तुमचे मित्र ज्या सर्व्हरवर आहेत तो त्या यादीत नाही ना? बंदीचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'लिमिटेड' म्हणजे त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाहीत, पण तुम्ही फॉलो केलंत तर दिसतात. 'सस्पेंडेड' म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं येणं-जाणं बंद. मेटाच्या थ्रेड्सवरचं कुणी फॉलो करायचं असेल तर हे आधी तपासाच, कारण बऱ्याच सर्व्हरनी थ्रेड्सला बंदी घातली आहे.

३. नियम कोणत्या भाषेत आहेत? मॉडरेटरांना मराठी येत नसेल तर तुमच्याविरुद्ध आलेल्या किंवा तुम्ही केलेल्या तक्रारीचा निवाडा भाषांतराच्या भरवशावर होतो. हे टाळता येईलच असं नाही, पण माहीत असावं.

४. खर्च कसा भागतो? देणगीचा दुवा, हिशेबाचं पान असं काही दिसलं तर चांगलं लक्षण. एकट्याच्या खिशातून चालणारा सर्व्हर एका कंटाळ्यात बंद होतो.

५. डोमेनचा शेवट काय आहे? हा मुद्दा जवळपास कुणी बघत नाही. क्विअर.एएफ नावाचा सर्व्हर अफगाणिस्तानच्या देश-डोमेनवर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान प्रशासनाने ते डोमेनच बंद केलं. यंत्र चालू, डेटा शाबूत, पण पत्ता गेला, आणि पत्त्याशिवाय कुणाला काही पाठवता येईना. मजेदार अक्षरांसाठी परक्या देशाचं डोमेन घेतलेले सर्व्हर अजूनही पुष्कळ आहेत.

जॉइनमास्टोडॉन या मास्टोडॉनच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही अटी पाळाव्या लागतात: द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हरचा ताबा घेऊ शकेल असा आणखी किमान एक माणूस, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. शेवटची अट किती कामाची आहे ते मास्टोडॉन.लोलच्या वेळी दिसलं. तिथल्या ॲडमिनने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना हलायला मेपर्यंत वेळ मिळाला.

तपासणी: पाचपैकी पहिला, दुसरा आणि पाचवा मुद्दा समाधानकारक असेल तर खातं उघडा. बाकीच्यांवर तडजोड चालते.

## टप्पा २: खातं उघडल्यावर

हँडलमध्ये फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात. दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं आणि ते कधीही बदलता येतं.

आधी प्रोफाइल भरा, एक ओळखीची पोस्ट टाका, मगच लोकांना फॉलो करायला लागा. कोऱ्या प्रोफाइलवरून आलेली फॉलो विनंती बहुतेक जण नाकारतात.

पोस्ट लिहिण्याच्या चौकटीत भाषा निवडायची सोय असते. ती 'मराठी' करा. मराठी लिहून भाषा इंग्रजी ठेवली तर भाषांतराचं बटण चुकीचं वागतं, आणि ज्यांनी सार्वजनिक टाइमलाइनवर भाषेची चाळणी लावली आहे त्यांना तुम्ही दिसतच नाही. फोनची भाषा इंग्रजी असलेले मराठी लोक ही चूक महिनोन्‌महिने करतात.

माणूस शोधताना पूर्ण हँडल टाका. नुसतं नाव टाकलं तर तुमच्या सर्व्हरला ठाऊक असलेल्यांतलेच सापडतात. मजकुरातले शब्द शोधायची सोय प्रत्येक सर्व्हरवर नसते, छोट्या सर्व्हरवर तर सहसा नसतेच. म्हणून हॅशटॅग लावायचा कंटाळा करू नका. लोकांपर्यंत पोचण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

तपासणी: ज्यांच्यासाठी इथे आलात त्यातल्या आठ-दहा जणांची पूर्ण हँडल शोधून बघा. एखादं सापडतच नसेल तर त्याचा सर्व्हर आणि तुमचा सर्व्हर एकमेकांशी बोलत नसण्याची शक्यता आहे. हे आज कळलं तर सर्व्हर बदलणं सोपं आहे, फॉलोअर जमल्यावर नाही.

## टप्पा ३: बॅकअप, तोही आजच

पुढची सगळी कामं ब्राउझरमध्ये करा. ॲपमध्ये या सेटिंग शोधत बसू नका.

प्रेफरन्सेसमध्ये 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' आहे. तिथे फॉलो, याद्या (फॉलो केलेल्यांचे तुम्ही केलेले गट), ब्लॉक, म्यूट, ब्लॉक केलेली डोमेन आणि बुकमार्क यांच्या वेगवेगळ्या सीएसव्ही (तक्त्यासारख्या साध्या मजकुराच्या) फाइल मिळतात. सगळ्या उतरवा. शिवाय तुमच्या पोस्ट आणि चित्रांचं पूर्ण संग्रह-पुडकं मागवता येतं, दर सात दिवसांत एकदा. हे पुडकं फक्त तुमच्या जपणुकीसाठी आहे. ते नव्या मास्टोडॉन सर्व्हरवर चढवता येत नाही.

इशारा: सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. 'पुणे मंडळी', 'कवितावाले' अशी देवनागरी नावं दिलेल्या याद्या एक्सेलमध्ये थेट उघडल्या की बऱ्याचदा अक्षरांची खिचडी होते, आणि त्या अवस्थेत सेव्ह केलं की मूळ नावं गेली. डोकावायचंच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा.

फॉलोअरांचं मात्र तसं नाही. दुसऱ्यांना तुमचे फॉलोअर बनवणारी फाइल नसते, आणि नसावीही.

ॲडमिनने एखादा अख्खा सर्व्हर सस्पेंड केला की तिथले तुमचे फॉलोअर आणि तुम्ही फॉलो केलेले, दोन्ही नाती तुटतात. बंदी उठली तरी ती आपोआप जुळत नाहीत. मास्टोडॉनच्या आवृत्ती ४.३ पासून अशा वेळी सूचना येते आणि तुटलेल्यांची यादी उतरवून घेता येते. ती सूचना वाचल्याशिवाय बंद करू नका.

महिन्यातून एकदा फॉलोची फाइल पुन्हा उतरवलीत तरी पुरे.

## टप्पा ४: खातं हलवणे

इथे सगळा खेळ क्रमाचा आहे. सुज्ञ पालक आधी नव्या शाळेत प्रवेश पक्का करतात आणि मग जुन्या शाळेतून दाखला काढतात, तसंच इथे नव्या खात्याने आधी 'ते जुनं खातं माझंच' असं सांगावं लागतं. नाहीतर कुणीही तुमचे फॉलोअर आपल्याकडे वळवू शकला असता.

१. नवं खातं तयार करा. ईमेल पडताळणी पूर्ण करा. प्रोफाइल भरा. फॉलो विनंत्या हाताने मंजूर करण्याची सेटिंग तात्पुरती बंद ठेवा. चालू राहिली तर हललेला प्रत्येक फॉलोअर विनंती म्हणून येतो आणि तुम्ही शेकडो वेळा 'मंजूर' दाबत बसता.

२. ब्लॉक आणि म्यूटच्या फाइल आधी चढवा. तुमच्या ब्लॉक यादीची नव्या खात्याला कल्पना नसते. ज्यांना दूर ठेवलंय ते हलवाहलवीच्या गडबडीत नव्या खात्यावर येऊन चिकटू नयेत. त्यानंतर फॉलो, मग याद्या आणि बुकमार्क. चढवताना 'मर्ज' निवडा. 'ओव्हरराइट' आधी जमवलेलं पुसून फाइलमधलं तेवढंच ठेवतं.

३. नव्या खात्यावर उपनाम (ॲलियस), म्हणजे 'ते जुनं खातं माझंच' ही नोंद करा. अकाउंट सेटिंगमध्ये 'मूव्हिंग फ्रॉम अ डिफरंट अकाउंट' आहे. तिथे जुनं हँडल पूर्ण लिहा: नाव@जुनासर्व्हर. बरेच जण हे काम चुकून जुन्या खात्यावर करतात. मूव्ह करताना 'हे या खात्याचं उपनाम नाही' अशा अर्थाची चूक दिसली तर बहुधा हेच झालेलं असतं, नाहीतर सर्व्हरच्या नावात एखादं अक्षर चुकलेलं असतं.

४. जुन्या खात्यावर निरोपाची पोस्ट टाका आणि पिन करा. मूव्ह झाल्यावर तिथून लिहिता येत नाही.

५. जुन्या खात्यावरून मूव्ह करा. 'मूव्ह टु अ डिफरंट अकाउंट' मध्ये नवं हँडल आणि जुन्या खात्याचा पासवर्ड द्या. त्याच पानावर नुसतं रिडायरेक्ट लावायचा पर्यायही आहे. रिडायरेक्टने प्रोफाइलवर 'इकडे गेले' अशी पाटी लागते, पण फॉलोअर जागचे हलत नाहीत. चुकून ते दाबलं असेल तर रद्द करून मूव्ह करा.

इशारा: मूव्ह केल्यावर ३० दिवस पुन्हा मूव्ह करता येत नाही. दाबण्याआधी नवं हँडल मोठ्याने वाचून बघा.

मूव्ह दाबल्यावर जुना सर्व्हर फॉलोअरांच्या सर्व्हरना 'हे खातं तिकडे गेलं' असा निरोप पाठवतो. प्रत्येक सर्व्हर नव्या खात्यावर उपनाम आहे का ते तपासतो आणि आपल्याकडच्या फॉलोअरांची नाती जुन्यावरून नव्यावर वळवतो. हे सगळं मागच्या बाजूला चालतं. नव्या खात्यावरचा आकडा सहसा काही मिनिटांत वाढायला लागतो, मोठ्या खात्यांना बराच वेळ लागतो. या काळात जुना सर्व्हर चालू असणं गरजेचं आहे, कारण निरोप तोच पाठवतो.

सगळे फॉलोअर येत नाहीत. बंद पडलेल्या सर्व्हरवरचे, तुमच्या नव्या सर्व्हरला ब्लॉक करणाऱ्या सर्व्हरवरचे, आणि मूव्हचा निरोप न समजणारी सॉफ्टवेअर वापरणारे मागे राहतात. थोडी गळती होणारच.

## टप्पा ५: हलल्यानंतर

तुमच्या जुन्या पोस्ट नव्या खात्यावर येत नाहीत. हे पुन्हा लिहितोय, कारण पुन्हा विचारलं जातं. त्या जुन्या खात्यावर, जुन्या पत्त्यावर राहतात आणि त्यांचे दुवे चालू राहतात. त्यासाठीच जुनं खातं डिलीट करू नका. डिलीट केलंत तर पोस्ट जातात, पाटी जाते, आणि तेच नाव त्या सर्व्हरवर पुन्हा घेता येत नाही.

फिल्टर हाताने पुन्हा लावा. फॉलो केलेले हॅशटॅगही एकदा डोळ्यांखालून घाला, #मराठी पुन्हा फॉलो करावं लागेल. प्रोफाइलमध्ये तुमच्या संकेतस्थळाची पडताळणी केलेली हिरवी खूण होती? संकेतस्थळावरचा दुवा नव्या प्रोफाइलकडे वळवल्याशिवाय ती इथे येणार नाही.

तपासणी: दोन दिवसांनी दुसऱ्या सर्व्हरवरच्या एखाद्या मित्राला विचारा: माझी नवी पोस्ट तुझ्या होमवर आली का? आकड्यांपेक्षा ही तपासणी खरी.

आणि हो, ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कला यातलं फारसं लागू नाही. तिथे ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नसते. प्रत्येक खात्याला एक कायमची खूण असते, हँडल म्हणजे तिच्यावरचं बदलता येणारं लेबल, त्यामुळे डेटा ठेवणारा सर्व्हर बदलला तरी पोस्ट आणि फॉलोअर सोबत येतात. मास्टोडॉनचा सल्ला तिथे किंवा तिथला इथे चिकटवू नका.

## सर्व्हर आधीच बंद पडला असेल तर

मग मूव्ह नाही. उपनाम नोंदवून उपयोग नाही, कारण निरोप पाठवणारा सर्व्हरच नाही. फॉलोची सीएसव्ही असेल तर नव्या खात्यावर चढवा. ज्यांना तुम्ही पुन्हा फॉलो कराल त्यांना सूचना जाईल आणि त्यातले बरेच जण तुम्हाला उलट फॉलो करतील. प्रोफाइलमध्ये जुनं हँडल ठळक लिहा, म्हणजे ओळख पटेल. फाइल नसेल तर पाच-सहा ओळखीच्या लोकांची हँडल कुठूनही मिळवा, व्हॉट्सॲपवर विचारा. त्यांनी आपल्या फॉलो-याद्या सार्वजनिक ठेवल्या असतील तर त्यांच्या सर्व्हरवर जाऊन त्या उघडा. तुमच्या बाकीच्या मंडळींपैकी बरेच जण तिथे सापडतात.